केरूमामाच्या सात पानथऱ्या

केरूमामांनी उभा जन्म कुंभार्ली घाटात एस.टी. चालवली, आणि नोकरीतून मोकळे झाल्यावर तोच घाट तोंडाने चालवला. पहिल्यांदा सांगितला तेव्हा त्यांच्या गोष्टीतला वाघ एकटाच होता आणि रस्त्याच्या कडेला नुसता बसला होता. पुढच्या दिवाळीत तो उठून गाडीच्या दारापर्यंत आला. मग त्याला वाघीण मिळाली, पिल्लं झाली, आणि भाची शर्वरी डॉक्टर होऊन परतली तोवर ते सगळं कुटुंब हेळवाकपासून पोफळीपर्यंत मागच्या बाकावर बसून जाऊ लागलं होतं. कंडक्टरने पिल्लांची हाफ तिकिटं फाडली होती. वाघाने सुट्टे दिले, हे मामा आवर्जून सांगत.

असला माणूस म्हणाला, "माझ्या पोटात सात पानथऱ्या हायेत," तर कोण ऐकून घेणार?

पानथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी, आणि माणशी एक. कॉलेजात असताना शर्वरीने मामांना पुस्तक उघडून दाखवलं होतं. मामांनी चित्रातल्या माणसाला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "गरीब दिसतोय बिचारा. एकीवरच भागवतोय."

त्यांची हकिगत अशी, की तरुणपणी गाडी कठड्याला धडकली, स्टिअरिंग पोटात रुतलं, तेव्हा मोठ्या दवाखान्यात त्यांच्या पोटाचे फोटो काढले. तिथल्या डॉक्टरने शिकाऊ पोरापोरींना खाटेभोवती उभं करून बोटाने सात पानथऱ्या मोजून दाखवल्या. मग ते फोटो कुठे आहेत? तर पुढे सूर्यग्रहण आलं. मामांनी घाटात गाडी उभी केली, फिल्मचे तुकडे केले आणि चाळीस उतारूंना स्वतःच्या पोटातून सूर्य दाखवला. पुरावा असा प्रसादासारखा वाटून झालेला. घरात नुसतं 'सात' म्हटलं तरी पोरं पोट धरून हसायची.

आणि आता तेच मामा हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेजर्द होऊन सह्यकडा रुग्णालयाच्या स्कॅनच्या टेबलावर पडले होते. अंगात ताप होता, दात वाजत होते. स्कॅन विभागाची प्रमुख डॉ. शर्वरी स्वतः त्यांच्या उशाशी उभी होती.

"ह्योच का तुझा पारूबाई?" मामांनी विचारलं.

"हाच नाही, हीच. आणि हलू नका."

मशीनचं कागदोपत्री नाव 'पारदर्शी', पण साफसफाईवाल्या मावशींपासून विश्वस्तांपर्यंत सगळे तिला पारूबाईच म्हणत. पारू आणावी म्हणून शर्वरीने विश्वस्तांचे उंबरे झिजवले होते. पोटाचे काप टिपायला जुन्या मशीनला भरमसाट क्ष-किरण लागत. पारू त्याच्या अगदी थोड्या हिश्शात काम भागवायची. एका श्वासात इथला एक ठिपका, तिथला एक ठिपका एवढंच ती खरोखर बघायची. मधल्या मोकळ्या जागा ती तिला शिकवलेल्या लाखो पोटांच्या आधारे भरून काढायची. चित्र असं लख्ख उमटायचं, की जुनी चित्रं त्यापुढे चुलीतल्या कोळशाने काढल्यासारखी वाटावीत.

मामांचं लक्ष दुखण्यावरून हटावं म्हणून ती म्हणाली, "मामा, धुक्यात तुम्हाला घाट दिसायचा का हो?"

"घाट? बॉनेट दिसलं तरी नारळ फोडायचो."

"मग गाडी कशी हाणायचात?"

"आठवून. हितं वळण, हितं मोरी, हितं म्हसोबा."

"ही पण तशीच. थोडं बघते, बाकीचं आठवते."

मामांनी पिवळे डोळे तिच्याकडे वळवले. "आन रात्रीतनं दरड खाली आली आसंल, तर?"

"श्वास धरा," शर्वरी म्हणाली.

मामांनी श्वास धरला. पारू एकदा गुणगुणली आणि झालंसुद्धा. पडद्यावर मामांचं पोट उमललं, पुस्तकात छापावं असं. उजवीकडे यकृत, त्याखाली खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशय, पित्तनळीत अडकलेला एक खडा, आणि डाव्या बरगड्यांखाली, मुठीएवढी, एक पानथरी.

"एकच आहे, मामा."

"तुझ्या पारूला सांग, पुन्हा मोज."

टेक्निशियन अस्लम मुजावर काचेपलीकडे हसत होता. शर्वरीही हसली. रिपोर्टखाली तिने सही ठोकली.

*

सर्जन डॉ. तुषार ऐनापुरे हा हाताचा चपळ आणि स्वभावाने उतावळा माणूस. त्याने पडद्यावर नजर टाकली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मॅडम, सकाळी तोंडावाटे दुर्बीण घालून खडा ओढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आतड्याची वाटच सापडेना. सूज असणार."

"वाट सापडेना म्हणजे?"

"म्हणजे वळण जिथे असायला हवं तिथे नव्हतं. सूजच. आता पोटातून जाऊन पित्तनळी उघडतो. पित्त तुंबून सडायला लागलंय, विष रक्तात चाललंय. रक्तदाब बघा ना, उतरतोय. कोल्हापूरला न्यायचं म्हटलं तर रस्त्यातच आटोपेल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुमचे सख्खे मामा ना? काळजी करू नका. छेद देणारे यंत्रहात पारूच्या नकाशावरून चालतात. केसाचा फरक पडत नाही."

शर्वरी बाहेर आली. शेवंतामामी बाकाच्या टोकाला पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. शर्वरी शेजारी टेकली.

"मामी, एकच आहे हो पानथरी. आयुष्यभर उल्लू बनवलं आपल्याला."

तिला वाटलं होतं, मामी निदान ओठांतल्या ओठांत हसतील. मामी हसल्या नाहीत.

"शरू, लई खोटं बोलतो गं ह्यो मानूस. लग्नात माझ्या बापाला म्हनला, आमच्या हिरीत मगर हाय. आदी येक व्हती, बारशाला तीन झाल्या. वाघाचं तर तुला ठावंच हाय." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पर पानथऱ्या कंदी वाढल्या न्हाईत. लग्नात सात, मुंजाबाच्या जत्रंत सात, काल तापात बडबडला तवाबी सातच. ह्याचं खोटं वाढतं गं. हे येकच वाढलं न्हाई."

शर्वरी काहीतरी समजुतीचं बोलायला गेली आणि मनातल्या मनात मोजू लागली.

वाघ वाढले होते. मगरी वाढल्या होत्या. ग्रहण बघणारे उतारूसुद्धा विसाचे चाळीस झाले होते. पानथऱ्या मात्र, तिला आठवतंय तेव्हापासून, सातच.

आणि दुर्बिणीला वळण सापडलं नव्हतं.

ती झपाझप स्कॅनच्या खोलीकडे निघाली. चालता चालता तिच्या मनात भलताच प्रश्न उभा राहिला. अजब पोट आपण शेवटचं कधी पाहिलं? जुन्या मशीनच्या काळात वर्षाकाठी एखाददुसरं हटकून यायचं. आतड्याभोवती कड्यासारखं आवळून बसलेलं स्वादुपिंड. डावीकडे लटकलेलं पित्ताशय. एकदा तर आरशात पाहावं तसा सगळा संसार उलटा असलेला एक कुंभार आला होता. त्याचं यकृत डावीकडे आणि काळीज उजवीकडे, आणि गडी ऐंशी वर्षं ठणठणीत. अशी चित्रं दिसली की ती अख्ख्या विभागाला हाक मारून दाखवायची, वर चहा पाजायची.

पारू आल्यापासून तो चहा एकदाही झाला नव्हता.

तिचे पाय थबकले. आईच्या पोटात घडताना एखाद्याचं काहीतरी वेगळंच जुळून येतं. अशी माणसं काही एकाएकी जन्माला यायची थांबत नाहीत. ती टेबलावर येत होती, झोपत होती, श्वास धरत होती. आणि पारू त्यांना चारचौघांसारखं करून परत पाठवत होती.

*

"अस्लम, पारू अंदाजाने भरते ती जागा पूर्वी पिवळी दाखवायची ना? ते पिवळं कुठे गेलं?"

अस्लम गोंधळला. "बंद आहे की, मॅडम. पहिल्या महिन्यापासून."

"कुणी बंद केलं?"

अस्लमने खाली बघितलं. "तुम्हीच सांगितलं होतं. पिवळं आलं की पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागायचं. रांग तुंबायची, आणि घाटाकडची गाडी पाचला सुटते. बाया-माणसं पोरं घेऊन व्हरांड्यात रात्र काढायची. तुम्हाला बघवलं नाही, तेव्हा..."

तेव्हा तिनेच ते बंद करायला लावलं होतं. त्या दिवशी रांगेतल्या एका म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली होती. आपण काहीतरी चांगलं केलं, या समाधानात शर्वरी घरी गेली होती. पाचची गाडी चुकू नये, एवढ्यासाठी तिने मशीनचं शंका घेणंच बंद करून टाकलं होतं.

"चालू कर. मामांचा स्कॅन लाव."

अस्लमने बटण दाबलं. मामांचं ते देखणं पोट क्षणभर जागच्या जागी राहिलं. मग बरगड्यांखालून एक पिवळा डाग उमटला, पसरला, यकृतावर चढला, जठरावरून गेला, आणि बघता बघता पोटाचा वरचा सगळा भाग पिवळा झाला. ती एकुलती एक पानथरी तर झेंडूच्या फुलासारखी पिवळी होती.

"या अल्ला," अस्लम पुटपुटला. "म्हणजे यातलं बघितलं काय होतं?"

"धुकं," शर्वरी म्हणाली, आणि फोन उचलला.

ऑपरेशन थिएटरमध्ये फोन वाजून वाजून बंद पडला.

अडगळीच्या खोलीत जुनं सोनोग्राफी मशीन होतं. ते विकायला निघालं होतं तेव्हा स्टाफने हट्टाने ठेवून घेतलं. खंडेनवमीला काहीतरी पुजायला हवं, आणि पारूच्या अंगाला हळदकुंकू लावायची कंपनीची परवानगी नव्हती. म्हणून दर वर्षी पूजा या म्हातारीची व्हायची, माळही हिलाच. शर्वरीने वायर लावली. पंखा खोकला, पडदा लुकलुकला, आणि म्हातारी जागी झाली.

दोघांनी ते धूड ढकलत कॉरिडॉरमधून पळवलं. सुकलेली झेंडूची माळ चाकात अडकून तुटली आणि वाटभर पाकळ्या सांडत गेल्या.

*

थिएटरात मामांना अजून भूल दिलेली नव्हती. मास्क मात्र तोंडाजवळ आला होता. यंत्रहात वर दुमडून तयार होते.

"थांबा," शर्वरी दारातून ओरडली. "तुषार, नकाशा चुकीचा आहे."

ऐनापुरेने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या त्या कुंकवाने माखलेल्या धुडाकडे. "मॅडम, ही खंडेनवमीची मशीन?"

"मला पोट बघू दे. पाच मिनिटं दे."

"नकाशावर सही तुमची आहे!"

"म्हणूनच सांगते आहे, तो चुकीचा आहे."

"पुरावा काय?"

पुरावा ग्रहणात वाटून संपला होता. उरला होता तो फक्त एका नामांकित थापाड्याचा शब्द.

"मामा म्हणतात सात आहेत," ती म्हणाली.

भूलतज्ज्ञ बाईंनी मान दुसरीकडे वळवली. ऐनापुरेचा चेहरा लाल झाला. "रक्तदाब ऐंशीवर आलाय, आणि तुम्ही मला गोष्टी सांगताय? हा माणूस इथे मेला तर मामी मला विचारतील, डॉक्टर, थांबलात कशाला? काय सांगू त्यांना? वाघ आडवा आला?"

"कापलंस आणि मेला, तर काय सांगशील?"

मॉनिटर टुकटुकत राहिला. ऐनापुरेने हात वर धरले, तसेच धरून ठेवले, आणि एक पाऊल मागे सरकला. "पाच मिनिटं."

शर्वरीने मामांच्या पोटावर थंडगार जेल ओतलं. मामा कण्हले.

"शरू? पुन्हा मोजतीयास व्हय?"

"हो, मामा. पडून राहा."

पडद्यावर करडी भुरभुर होती, रेडिओची खरखर डोळ्यांनी दिसावी तशी. चार वर्षं तिचा हात या कामाला लागला नव्हता. डाव्या बरगड्यांखाली मुठीएवढी पानथरी नव्हती. गॅस होता, सावल्या होत्या, आणि एवढंच. तिने हातातली सोनोग्राफीची मूठ थोडी तिरकी केली, बरगड्यांच्या फटीतून दाबली.

सावलीतून एक गोल गोळा वर आला. जांभळाएवढा. त्याला टेकून दुसरा. त्यामागे तिसरा.

"एक," ती मोठ्याने म्हणाली. "दोन. तीन. चार." ऐनापुरे पुढे वाकला. "पाच. सहा."

हात पुढे सरकला, मागे आला. सातवी नव्हती. तिने पुन्हा सगळा घोस पालथा घातला. सहा.

"सहा आहेत, मामा."

"सातवी मागं दडती," मामा डोळे मिटूनच बोलले. एकेक शब्दाला त्यांना धाप लागत होती. "तवाबी दडली व्हती. त्या डाक्टरनं... मला कुशीवर वळिवलं व्हतं. उजव्या."

अस्लमने आणि ऐनापुरेने मिळून त्यांना उजव्या कुशीवर कलतं केलं. आतला गॅस हलला, जठर बाजूला घसरलं, आणि त्याच्या पाठून एक इवलासा गोल, लपाछपीत सापडलेल्या पोरासारखा, बाहेर आला.

"सात," ऐनापुरे म्हणाला. त्याला स्वतःला कळलं नाही, आपण बोललो ते.

पण शर्वरी आता पानथऱ्यांकडे बघत नव्हती. ज्या पोटात पानथरीचे असे तुकडे पडतात, तिथे बाकीचा संसारही बहुतेक हललेला असतो, हे तिला ठाऊक होतं. तिने मामांना पुन्हा उताणं केलं. यकृत उजवीकडे नव्हतंच, वरती आडवं पसरलं होतं, आणि पित्ताशय मधोमध. तिने रक्त दाखवणारं रंगाचं बटण दाबलं.

आतड्यांतलं सारं रक्त यकृताकडे वाहून नेणारी एक जाड शीर असते, करंगळीएवढी. माणसांत ती आतड्याच्या पहिल्या वळणाच्या मागून जाते, जपून, आड. मामांची शीर पुढून गेली होती. उघड्या रस्त्यावरून. पडद्यावर ती निळी धपधपत होती.

"तुझा पहिला छेद कुठे होता?" तिने विचारलं.

ऐनापुरेने यंत्राच्या नकाशाकडे बघितलं नाही. त्याने हातमोज्यातलं बोट उचललं आणि पडद्यावर त्या निळ्या पट्ट्यावर टेकवलं. बोट तिथेच राहिलं. मग तो यंत्रापाशी गेला आणि त्याने त्याची वीज बंद केली. दुमडलेले हात लोंबकळले.

"आता?" तो म्हणाला. आवाजातला उतावळेपणा पार उतरला होता. "उघडता येत नाही. थांबता येत नाही."

"उघडू नकोस. पित्ताला बाहेर वाट देऊ. खडा पुढे बघू, सावकाश, सगळं पोट नीट पाहून." तिने हात पुढे केला. "लांब सुई दे."

यकृतातून सुई सरकवत मधोमधच्या त्या पित्ताशयात न्यायची, आणि खाली वाहणाऱ्या निळ्या पट्ट्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही. पारूच्या आधी हे काम ती डोळे मिटून करायची, असं ती नव्या डॉक्टरांना सांगत असे. तीही एक थापच होती. पापणी लवली तरी भीती वाटायची.

सुई पडद्यावर एका चमकत्या रेघेसारखी दिसत होती. रेघ पुढे गेली. थांबली. मामा शिंकणार असं वाटलं. शिंकले नाहीत. रेघ आणखी पुढे. निळा पट्टा तिच्या खाली बोटभर अंतरावर धडधडत होता. मॉनिटरचा सूर बदलला आणि भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सत्तर."

"मामा," शर्वरी म्हणाली, "वाघाने तिकिटं किती काढली होती?"

"फुल... दोन," मामा पुटपुटले. "हाफ..."

भिंतीला टोचल्याची जाणीव बोटांना झाली. तिने आतली तार ओढली. क्षणभर काहीच आलं नाही. मग नळीतून काळंहिरवं, गढूळ, घाण वासाचं पित्त सरसरत बाहेर आलं आणि पिशवीत जमू लागलं. इतकं सुंदर काही तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हाफ किती, मामा?"

"तीन," मामा म्हणाले आणि झोपले. भूल न घेताच.

*

रक्तदाब संध्याकाळी वर आला. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पुढल्या आठवड्यात ऐनापुरेने यंत्राशिवाय, शर्वरीला शेजारी उभी करून, मामांचं पोट उघडलं आणि खडा काढला. छेद देण्याआधी त्याने प्रत्येक वेळी तिच्याकडे बघितलं.

पिवळं आता चालू होतं. शर्वरीने चार वर्षांच्या सह्या पुन्हा उघडायला घेतल्या होत्या, आणि विश्वस्तांशी तिचं कडाक्याचं वाजलं होतं. ज्यांचं पोट पिवळं निघत होतं त्यांना निरोप जात होते. सगळेच निरोप वेळेवर पोचतील याची खात्री कुणालाच देता येत नव्हती. शर्वरीची झोप त्यात गेली होती. रांग तुंबत होती, लोक तिच्या नावाने बोटं मोडत होते, आणि या खेपेला ती काही मायेने मोडलेली नव्हती. पाचच्या गाडीसाठी ती स्वतः डेपोत जाऊन भांडली. गाडी आता रांग संपल्यावर सुटायची. तिने हे मामांना सांगितलं, तर ते नुसते 'हं' म्हणाले; वाघाचं नावही निघालं नाही.

ती दुपारी वॉर्डात गेली तेव्हा मामा उशीला टेकून बसले होते. डोळ्यांतलं पिवळं विरलं होतं, पण चेहरा अजून ओढलेला. जवळ जाऊन तिने नळी तपासली. आठवडाभर ते जेमतेम हो-नाही बोलत होते, याचीच तिला आतून धास्ती होती.

शेजारच्या खाटेवरचा नवा पेशंट म्हणाला, "डाक्टरीनबाई, ह्यांच्या पोटात सात पानथऱ्या हायेत म्हनत्यात, खरं का?"

"खरं आहे," शर्वरी म्हणाली. "मी स्वतः मोजल्या."

तो माणूस तोंडाचा आ वासून मामांकडे बघत राहिला. मामांनी त्या बघण्याचा पुरेपूर आस्वाद घेतला. मग घसा खाकरून म्हणाले, "सात त्या दिवशी व्हत्या. काल आपरेशन करताना त्या पोराला अकरा घावल्या."

शेवंतामामी मोसंबं सोलता सोलता थांबल्या. त्यांनी शर्वरीकडे पाहिलं, शर्वरीने त्यांच्याकडे.

"वाढल्या," मामी हलकेच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "शरू, बरा झाला गं ह्यो."